ऐंशी ठिपके

चौथ्या ओळीतला सहावा ठिपका टेकवायला मी हात पुढं केला, तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, “अहो बाई, प्राचार्यांची खोली कुठं आहे?”

मी उकिडवी बसलेली, पदर कमरेला खोचलेला, बोटं ओल्या चुन्यानं पांढरी. मान वर केली तर चकचकीत काळे बूट, त्यावर राखाडी पँट आणि सगळ्यात वर सोनेरी काड्यांचा चष्मा. मी उठले, डावीकडचा जिना दाखवला, पहिल्या मजल्यावर उजव्या हाताला म्हणून सांगितलं. गृहस्थांनी मान हलवली आणि गेरूच्या कडेकडेनं बूट सांभाळत ते वर गेले. मी पुन्हा खाली बसून ओळ पुरी केली.

हे प्राध्यापक तेलंग. मुंबईहून आलेले तज्ज्ञ. त्या दिवशी अकरा वाजता त्यांनी माझी मुलाखत घ्यायची होती.

गोष्ट १९८४च्या जानेवारीतली, सांगलीतली. आमचं वास्तुकलेचं कॉलेज नवं होतं आणि त्यात शिकवणारी बाई मी एकटीच. त्यामुळं समितीच्या स्वागताला दारात रांगोळी हवी असं प्राचार्य शिरगुप्पे सरांच्या मनात आलं, तेव्हा ती कुणी काढायची हा प्रश्नच उद्भवला नाही. “मोठी काढा, हुंडेकरी. गाडीतून उतरल्या उतरल्या दिसली पाहिजे,” असं सांगून ते गेले. ज्या समितीसाठी रांगोळी, त्याच समितीपुढं या बाईला परीक्षेला बसायचंय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी बोलले असते तर बिचारे खजील झाले असते. पण बोलले नाही. माझा स्वभावच असा, की कुणी अपमान केला तर सांगितलेलं काम मी दुप्पट नीट करते आणि मनातल्या मनात जळत राहते.

म्हणून पोर्चची फरशी गेरूनं सारवली. नऊ ओळी, ओळीत नऊ ठिपके, दोन ठिपक्यांत दीड हात अंतर. समोरच्या मोकळ्या मैदानावरून वारा येतो, म्हणून ठिपके ओल्या चुन्याचे दिले. रेघा मात्र कोरड्या रांगोळीनं ओढायच्या होत्या. त्या ओढायच्या आतच मगदूम आले. मगदूम म्हणजे आमचे जुने शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. म्हणाले, “बाई, उठा आता. समिती वर बसली बी. सर म्हणत्यात हात धुऊन या.” झालं, रांगोळी तशीच अर्धवट राहिली.

मुलाखतीत काय पणाला लागलं होतं ते सांगते. चार वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे तास घेतला तर त्याचं मानधन, नाही तर घरी बसा. आता ती जागा कायम भरायची होती. मला मिळाली तर मी शिक्षक. दुसऱ्याला मिळाली तर माझे तास त्याच दिवशी संपले, आणि परत त्या कंत्राटदाराच्या ऑफिसात, जिथं मी शिकता शिकता पाच वर्षं संडास-बाथरूमचे नकाशे गिरवले होते. मला शिकवायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. वर्गात उभी राहिले की मी कुणीतरी असते, हे मला तोवर पुरतं कळून चुकलं होतं.

उमेदवार दोनच. दुसरे खांडेपारकर, मुंबईचे, माझ्याच वयाचे. माणूस गोड. बाकावर शेजारी बसल्या बसल्या त्यांनी मला आलेपाकाची वडी दिली आणि स्वतःही घाबरलोय असं प्रामाणिकपणे सांगितलं. फक्त त्यांच्या मांडीवर एक काळी पेटी होती आणि तिच्यात दोनशे स्लाइड्स होत्या. दोन वर्षांपूर्वी ते युरोपात दीड महिना हिंडून आले होते.

आधी तोंडी प्रश्न झाले. तेलंगांनी मला सकाळी पाहिल्याची काही खूण त्यांच्या चेहऱ्यावर दिसली नाही. मला वाटतं त्यांनी सकाळी माझा चेहरा पाहिलाच नव्हता. माझा अर्ज चाळत त्यांनी विचारलं, की मी वास्तुकलेचा इतिहास शिकवते, तर त्यातल्या किती इमारती प्रत्यक्ष पाहिल्यात. विजापूर, हंपी, पट्टदकल आणि औरंगाबादकडची लेणी मी सांगितली.

“आणि युरोपातल्या?”

“एकही नाही, सर.”

“मग शिकवता कशा?”

“पुस्तकातल्या नकाशांवरून.”

चष्मा काढून पुसत ते म्हणाले, “न चाखलेल्या पदार्थाची कृती सांगण्यासारखं झालं हे.” ते हे कुचकटपणे म्हणाले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेच मला जास्त लागलं. शिरगुप्पे सर खिडकीबाहेर बघू लागले.

मग चिठ्ठी. दोघांनाही एकच विषय, दुसऱ्या वर्षाच्या वर्गापुढं वीस मिनिटांचं व्याख्यान, तयारीला दहा मिनिटं. खांडेपारकरांनी चिठ्ठी काढली आणि शिरगुप्पे सरांनी वाचली. प्रबोधनकाळातल्या आणि आधुनिक वास्तुकलेच्या रचनातत्त्वांची तुलना.

म्हणजे इटली आणि त्यानंतरचं सगळं. माझं नशीब तरी बघा.

खांडेपारकर आधी गेले. मी बाहेर बाकावर. आतून स्लाइड बदलल्याची खट् ऐकू यायची आणि पाठोपाठ पोरांचा हुंकार. मोठा घुमट आला असावा, कारण हुंकार लांबला. मग काचेच्या भिंतींचं घर आलं असावं, कारण कुणीतरी शीळ घातली. ते बोलतही छान होते. वीस मिनिटं संपल्यावर पोरांनी बाकं वाजवली. मी हातातल्या कागदावर ‘सममिती’ असा एक शब्द लिहिला होता आणि त्याखाली तीन वेळा रेघ मारली होती.

माझी दहा मिनिटं सुरू झाली तेव्हा घशाला कोरड पडली होती. पाण्याचा माठ खाली पोर्चमध्ये. जिना उतरले, पेला भरला आणि पिता पिता समोर नजर गेली. चुना वाळून पांढराशुभ्र झाला होता. लाल गेरूवर नुसते ठिपके, रेघ एकही नाही. वर्गाला निघालेली दोन पोरं येताना त्या चौकोनाला वळसा घालून आली. रांगोळी पुरीसुद्धा झालेली नव्हती, तरी त्यांनी तिच्यात पाय घातला नाही.

मी पेला तिथंच ठेवला आणि वर पळाले.

“सर, मला वर्ग खाली पोर्चमध्ये घ्यायचाय,” मी शिरगुप्पे सरांना म्हणाले. त्यांनी तेलंगांकडं पाहिलं. तेलंगांनी घड्याळ पाहिलं आणि हरकत नाही म्हणाले.

अठ्ठावीस पोरं, समितीचे तिघं आणि कुतूहलानं आलेले खांडेपारकर असे सगळे ठिपक्यांभोवती उभे राहिले. मगदुमांनी कोरड्या रांगोळीचा डबा आणून दिला. मी पदर खोचला. सकाळी खोचला होता तेव्हा लाज वाटत होती, आता वाटत नव्हती.

मी सांगायला लागले. पाचशे वर्षांपूर्वीचा इटलीतला वास्तुकार काम सुरू करतो तेव्हा त्याच्यापुढं हेच असतं, सारख्या अंतरावरचे ठिपके. पहिला प्रश्न तो विचारतो, मध्य कुठं? मी पाचव्या ओळीतल्या पाचव्या ठिपक्याभोवती वर्तुळ काढलं. इथं माणूस उभा राहणार, त्याच्या डोक्यावर घुमट. आता जे डावीकडं तेच उजवीकडं, जे पुढं तेच मागं. मधलं दालन चार घरांचं, तर बाजूचं त्याच्या निम्मं, दोन घरांचं. भार भिंतीच वाहतात, म्हणून भिंत ठिपका सोडून भलतीकडं जाऊ शकत नाही. लांबट देवळंही त्यांनी पुष्कळ बांधली, पण त्यांच्या मनातली निर्दोष इमारत ही अशी. बोलता बोलता माझा हात चालला होता. लहानपणापासूनची सवय, रेघ सरळ पडत होती. चिमटीतून रांगोळी सुटत गेली आणि फरशीवर एक देऊळ उमटायला लागलं.

दारातून मध्यापर्यंत जाणारी वाट मी मोकळी ठेवली होती. मी तेलंगांकडं वळले. “सर, आपण मध्यावर येऊन उभं राहाल का?”

ते जरा घुटमळले. मग कुणी न सांगता खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. मोज्यांनिशी, दोन रेघांमधल्या वाटेनं ते मध्यावर आले.

“इथून काय काय दिसतं?”

“सगळंच दिसतं.”

“इमारत समजून घ्यायला चालावं लागेल?”

“नाही.” ते चारी बाजूंना वळून बघत होते. “इथं उभं राहिलं की पुरे.”

“आणि यातलं एखादं दालन काढलं तर? किंवा एक जादा जोडलं?”

“बिघडेल. काही काढता येत नाही, काही घालता येत नाही. तेच तर त्यांचं तत्त्व आहे.”

तेलंग आले त्याच वाटेनं रेघांबाहेर गेले आणि मी शेवटचा कोपरा पुरा करायला वाकले. डावीकडचं दालन झालं होतं. उजवीकडं त्याचंच प्रतिबिंब काढायचं. रेघ पुढं नेली आणि कळेना, भिंत कुठं वळवायची. एवढ्यात पोरांमधून पद्मजा आवटी म्हणाली, “म्याडम, चौथ्या ओळीत एक ठिपका गाळलाय.”

मी पाहिलं. सहाव्या ठिकाणी नुसता गेरू. सकाळी वरून आवाज आला तेव्हा मी ज्यावर हात नेला होता, तोच. उठून जिना दाखवला, परत बसले आणि सरळ सातवा टेकवला.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, यापेक्षा मोठी फजिती नाही. मोजताना एक ठिपका चुकला की सगळी रांगोळी चुकली. शिरगुप्पे सरांनी डोळे मिटले. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पद्मजा हळूच म्हणाली, “आत्ता टेकवा की, म्याडम.” चिमटीत रांगोळी होतीच. वाकले, हात त्या जागेवर नेला. कोरडा ठिपका टेकवला असता तर कुणी काही बोललं नसतं, व्याख्यान बरं झालं असतं आणि जागा खांडेपारकरांना मिळाली असती.

मी हात मागं घेतला.

“या वास्तुकाराच्या हिशेबानं ही इमारत आता वाया गेली,” मी म्हणाले. “एका ठिपक्यानं. इतका त्याचा नियम कडक. आता चारशे-साडेचारशे वर्षं पुढं येऊ. मगदूम, केरसुणी आणा.”

मगदुमांनी केरसुणी आणली, पण हातातून सोडेनात. “बाई, काढलेल्या रांगोळीवर केरसुणी फिरवू? देवाला तरी बरं दिसंल का?”

“मी फिरवते,” म्हटलं आणि घेतली त्यांच्या हातातून. सभ्य माणसांसमोर, प्राचार्यांसमोर, माझ्याच हातची रांगोळी मी सपासप झाडून टाकली. कुणीतरी चुकचुकलं. कोरड्या रेघा उडाल्या. चुन्याचे वाळलेले ठिपके मात्र घट्ट होते. पुन्हा नुसता लाल गेरू आणि ऐंशी ठिपके.

“बघा,” मी पोरांना म्हणाले, “काय गेलं आणि काय राहिलं?”

पद्मजाच म्हणाली, “भिंती गेल्या. खांब राहिले.”

मला तिला मिठी मारावीशी वाटली. तिथून पुढं माझी जीभ आणि हात दोन्ही सुटले. सिमेंट आणि लोखंड आलं, भार खांबांनी उचलला, भिंत मोकळी झाली. आता तिला ठिपक्याचं ऐकायचं कारण उरलं नाही. मग ती कुणाचं ऐकते? आत राहणाऱ्या माणसाचं. मी लाल फरशीवर एक वळणदार रेघ ओढली, दोन ठिपक्यांच्या मधून, तिसऱ्याला बाहेर ठेवून. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात हवं, म्हणून ते पूर्वेला. ही झोपायची खोली, गोंगाटापासून लांब. ही भिंत अर्धवटच सोडली, कारण पलीकडं बाग आहे आणि ती दिसली पाहिजे. समोरचा दर्शनी भाग आधी ठरवायचा नाही, आतलं जगणं ठरलं की तो आपोआप ठरतो. रेघ हिंडत हिंडत त्या रिकाम्या जागेपाशी आली आणि तिच्याभोवती मी घरातली सगळ्यात मोठी खोली काढली.

“थांबा,” तेलंग म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “तिथं खांब नाही. वरची गच्ची कशावर उभी राहणार?”

“तुळईवर, सर. दोन खांबांमधलं अंतर दुप्पट झालं, म्हणून तुळई जास्त खोल घ्यावी लागेल. ते फुकटात होत नाही. पण चार माणसं एकत्र बसायला मधे खांब नसलेली जागा मिळते. त्या जुन्या देवळाला हा ठिपका नसणं सोसलं नाही. या घराला ते सोसतं, कारण इथं रेघ आणि ठिपका एकमेकांना बांधलेले नाहीत.”

“म्हणजे आधुनिकांना नियमच नाही, असं म्हणायचंय?”

हा सापळा होता, आणि त्या क्षणी मला तो लख्ख दिसला. “आहे, सर. हे ऐंशी खांब दीड हातावर ओळीनं उभेच आहेत. तो नियम आधुनिकांनी त्या जुन्यांकडूनच घेतला. फक्त दारात उभं राहून तो दिसत नाही. बघायचंय?”

या वेळी ते घुटमळले नाहीत. दार म्हणून सोडलेल्या फटीतून मोज्यांनिशी आत शिरले.

“इथून सगळं दिसतं?”

“नाही.”

“मग?”

ते चालू लागले. रांगोळीच्या रेघेवर पाय देणारा माणूस आपल्याकडं जन्मायचाय, त्यामुळं बोटभर जाडीची ती रेघ त्यांना खरीखुरी भिंत झाली. स्वयंपाकघरातून वळले, अरुंद बोळात अंग चोरून गेले, बागेपाशी क्षणभर थांबले आणि मग एकदम त्या मोठ्या दालनात आले. तिथं त्यांचे खांदे सैल पडले. अठ्ठावीस पोरं बघत होती आणि मुंबईचा तो मोठा प्राध्यापक मोज्यांवर, एका नसलेल्या घरात, नसलेल्या खांबाच्या जागी उभा होता.

“मध्यावर उभं राहिलं की कळतं ते जुनं,” मी पोरांना म्हणाले. “चालल्याशिवाय कळत नाही ते नवं. दोघांचे ठिपके सारखेच. लिहून घ्या.”

पोरांच्या वह्या वर राहिल्या होत्या. काहींनी तळहातावर लिहिलं.

तेलंग दालनातूनच म्हणाले, “हुंडेकरी बाई, हा ठिपका तुम्ही मुद्दाम गाळला होता?”

खोटं बोलायला तो फार सोयीचा क्षण होता. “नाही, सर. तुम्ही सकाळी प्राचार्यांची खोली विचारलीत, तेव्हा राहिला.”

ते माझ्याकडं बघत राहिले. सकाळची बाई आणि समोरची बाई त्यांच्या डोक्यात एक होताना मला दिसल्या. हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला. मग ते हसायला लागले. आधी बेतानं, नंतर चष्मा काढावा लागला इतकं. खांडेपारकरांनी टाळी वाजवली, पहिली त्यांचीच, आणि पाठोपाठ सगळा पोर्च.

समिती वर गेली. आम्ही दोघं पुन्हा बाकावर. खांडेपारकर म्हणाले, “मी त्या घुमटाखाली उभा राहिलो होतो हो. छान वाटलं होतं. का वाटलं, ते आज कळलं.”

पंधरा मिनिटांनी आत बोलावलं. शिरगुप्पे सरांनी निर्णय वाचला. माझं नाव ऐकल्यावर पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. तेलंग मात्र खुर्चीतून उठले. सकाळी जे म्हणालो ते मागं घेतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सहा वेळा आपण इटलीला गेलो, सहाही वेळा मध्यावर उभे राहिलो, कारण सगळे तिथंच उभे राहतात. मग थांबले आणि म्हणाले, “तुम्हाला बसायला खुर्ची दिली नाही कुणी अजून. ही घ्या.” आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडं सरकवली.

मी बसले. ऐटीत बसले, खोटं कशाला सांगू. हाताला अजून रांगोळी होती आणि ती त्या खुर्चीच्या काळ्या हाताला लागली. मी पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाचा तास दुसऱ्या वर्षाचा. वर्गात शिरण्याआधी ऑफिसात हजेरीपटावर सही करायची असते. त्या पटावर माझं नाव कधीच नव्हतं. नोकरी सोडून गेलेल्या एका सरांच्या नावापुढं ‘करिता’ लिहून मी चार वर्षं सही करत आले होते. त्या सकाळी मगदुमांनी पट उघडून पुढं ठेवला. सरांचं नाव कुणीतरी पट्टीनं, सरळ रेघ मारून खोडलं होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, गिरिजा बसवंत हुंडेकरी, अधिव्याख्याता.

“करा सही,” मगदूम म्हणाले.

मी पूर्ण नाव लिहिलं. चौकटीत मावेना, शेजारच्या दोन चौकटींत गेलं, तरी पूर्ण लिहिलं. मग खडू उचलले आणि वर्गाकडं निघाले.